पाच-पाचचं घर

नकाशा हा शब्द अजून कुणाला ठाऊक नव्हता, त्या काळची ही गोष्ट. एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावात कुणी कुणाला आडनाव विचारत नसे. विचारत ते असं: "तुमचं किती-किती?"

याला कारण गावाचा मूळपुरुष. गाव वसवताना त्याने नदीकाठी, गावाच्या नैऋत्य कोपऱ्यात, एक दगडी खांब रोवला. खांबापासून एक दोर सरळ पूर्वेला ताणला, तोच दोर मग सरळ उत्तरेला ताणला. त्या एका दोराच्या अंतरावर आडव्या-उभ्या रेघा आखल्या आणि जिथे दोन रेघा एकमेकींना छेदत तिथे एक गोल दगड पुरला. प्रत्येक दगडापाशी एक घर. खांबापासून पूर्वेला चार दोर आणि तिथून उत्तरेला दोन दोर गेलं की जे घर लागे ते चार-दोन. त्या घरातली सून ती चार-दोनची सून, आणि त्या घरातलं मांजरसुद्धा चार-दोनचंच.

मुलांना बोलता यायला लागलं की आधी हेच शिकवत: पहिला आकडा पूर्वेचा, दुसरा उत्तरेचा. कारण एकदा दोन-पाचकडे निघालेली वरात चुकून पाच-दोनच्या दारात जाऊन उभी राहिली होती. पाच-दोनच्या म्हातारीने रीतसर नवरदेवाला ओवाळलं, हातावर साखर ठेवली आणि मग हळूच विचारलं, "पण आमच्याकडे नवरी कोण आहे?" म्हातारी वारली तरी ही गोष्ट गावात ताजीच होती.

या गावाला एक अभिमानही होता, आणि सगळी भानगड पुढे त्यातूनच झाली. ज्यांचे दोन्ही आकडे सारखे, म्हणजे एक-एक, दोन-दोन, असे थेट सहा-सहापर्यंत, त्यांना 'जोडीची घरं' म्हणत. आश्विनी पौर्णिमेला खांबाच्या माथ्यावर दिवा लावला की त्याची ज्योत आधी जोडीच्या घरात जाई, मग तिथून इतरांकडे. जोडीच्या घरातली माणसं त्यामुळे जरा ताठ चालत. त्यांनी यासाठी काही पराक्रम केला होता असं नाही. दगड तिथे पुरला गेला, एवढंच.

पाच-पाचच्या घरात गावाचे कारभारी राहत. खूप शिकलेले, वयस्कर आणि स्वभावाने धास्तीखोर. एकदा मोजलेलं पुन्हा मोजायचे आणि दोन्ही वेळा तेच आलं तर तिसऱ्यांदा मोजायचे. कारभारीणबाई म्हणायच्या, "भाकरी गोल झालीय का तेवढं पाहून घ्या, नाहीतर रात्रभर झोप यायची नाही तुम्हाला."

त्यांची थोरली बहीण दोन-तीनमध्ये राहत असे. सगळे तिला अक्का म्हणत. लग्न गावातच झालेलं, नवरा गेलेला, मुलगा दूरच्या पेठेच्या गावी. अक्काची दृष्टी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण ती कुणाचा हात धरत नसे. काठीने पुरलेला दगड चाचपायचा, पुढचा चाचपायचा. तीन दगड पूर्वेला, मग वळून दोन दगड उत्तरेला, की आला भावाचा ओटा. रोज सकाळी ती तिथे येऊन बसे, काढा पिई आणि भावाला चार शब्द सुनावून परत जाई.

पण नदीला गावाची ही आखणी ठाऊक नव्हती. दर पावसाळ्यात ती काठाचा एक लचका तोडत होती. पहिल्या ओळीतल्या घरांना भेगा गेल्या, आणि शेवटी सगळ्यांना कळून चुकलं की गाव हलवल्यावाचून गत्यंतर नाही. ओढ्यापलीकडे वर एक सपाट माळ होता. कारभारी महिनाभर तिथे दोर घेऊन फिरले आणि आधी अक्काकडे गेले.

अक्का म्हणाली, "तुम्ही खुशाल जा. मी मुलाकडे जाईन. तो कधीचा बोलावतोय."

"का गं?"

"नव्या गावात मला कोण वाट दाखवणार? मुलाकडे निदान खोलीत बसवून ठेवतील. प्रेमानेच बसवतील रे, पण बसवतील." तिने काठी मांडीवर आडवी घेतली. "इथे मी चालते, बाळ."

कारभाऱ्यांनी जमिनीवर खडूने चौकटी आखल्या आणि गावातल्या घरांसारखे चिंचोके मांडले. अक्काचा हात धरून त्यांवरून फिरवला. तिने बोटांनी चाचपलं. "हे मी. हा तू. ही विहीर." मग त्यांनी एकेक चिंचोका उचलला आणि प्रत्येकाला तेवढ्याच चौकटी उजवीकडे, तेवढ्याच चौकटी वर नेऊन ठेवलं. कुणाला एक कमी नाही, कुणाला एक जास्त नाही. कुणी वळला नाही, कुणी उलटा झाला नाही. पुन्हा तिचा हात फिरवला.

अक्काची बोटं तिच्या चिंचोक्यावरून निघाली, तीन उजवीकडे, दोन वर गेली आणि भावाच्या चिंचोक्यावर येऊन थांबली.

"गाव तेच आहे की," ती म्हणाली.

"तेच राहतं. फक्त जागा दुसरी. सगळे सारखेच सरकले तर कुणाचंच कुणापासूनचं अंतर बदलत नाही."

"सगळे?"

"सगळे."

"सगळं येणार म्हणतोस?"

"शब्द देतो, अक्का. तुझी वाट आहे तशीच राहील."

"मग मी येते," अक्का म्हणाली, आणि वर म्हणाली, "तो माझा चिंचोका इकडे दे. हरवशील तू." तिने तो कमरेला खोचला.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. कारभाऱ्यांनी सांगितलं: प्रत्येक घर पूर्वेला दहा दोर आणि उत्तरेला बारा दोर सरकेल. लोकांनी माना डोलावल्या. मग जो तो बोटांवर आपापला नवा आकडा मोजू लागला.

सहा-सहाचे वैद्यबुवा उठले. "म्हणजे आम्ही सोळा-अठरा?"

"होय."

"सोळा-अठरा," वैद्यबुवा पुन्हा म्हणाले. काढ्यात माशी पडल्यावर माणूस जसं बघतो तसं त्यांनी सभेकडे पाहिलं. "जोडी गेली."

मागच्या बाजूला पाच-तीनची कोष्टीण बसली होती. हातमागावर बसून बसून तिला मनातलं मोठ्याने बोलायची सवय लागली होती. तिने नवऱ्याला कोपर मारलं. "अहो, पाच नि दहा पंधरा. तीन नि बारा पंधरा. आपण पंधरा-पंधरा."

"बरं मग?" कोष्टी म्हणाला.

"बरं मग काय? आपण जोडीचे. सरळ बसा जरा."

सहा-चारचा कुंभार सोळा-सोळा झाला होता आणि तो आधीच सरळ बसला होता. सभेत गलका झाला. कुणीतरी म्हणालं, दहा-दहाच सरकू या, म्हणजे जोडी मोडणार नाही. कारभारी म्हणाले, "तसं केलं तर खालच्या दोन ओळी ओढ्याच्या उतारावर येतात. बारा-बारा केलं तर उजवीकडच्या दोन ओळी कातळावर जातात. मी मोजलंय."

"किती वेळा?" एकाने विचारलं, आणि सभा हसली.

घरी जेवताना मात्र कुणी हसलं नाही. कारभारीणबाई ताटात आमटी वाढत म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनी या घरात पहिली ज्योत आणली. त्यांच्या सासूबाईंनीही. आता मी पौर्णिमेला ताट घेऊन कोष्टिणीच्या दारात उभी राहू? 'बाई, विस्तव देता का' म्हणून?"

"ज्योत कुणाकडून आली तरी ज्योतच असते."

"हे तुम्ही बोलता, कारण ताट तुमच्या हातात नसतं." त्या बसल्या. "दोन दोर. फक्त दोन दोर कमी सरकायचं. कोष्टी आपल्या जागी, आपण त्यांच्या. बाकी गाव तुमच्या मापाने जाऊ दे."

कारभारी रात्रीपर्यंत मोजत बसले. खरंच, दोनच दोर होते. एवढ्या मोठ्या गावात दोन घरांची अदलाबदल. चुकलंच तर किती चुकेल? ते स्वतःशी वाद घालत राहिले, आणि शिकलेल्या माणसाचं असं असतं की त्याच्या वादात त्याच्या सोयीची बाजू फार चांगलं बोलते. सकाळी ते कोष्टिणीकडे गेले.

कोष्टीण ऐकून घेऊन म्हणाली, "कारभारी, तुम्ही सांगाल तिथे आम्ही माग मांडू. सुताला आकडा कळत नाही. पण एक विचारते. अक्कांना चिंचोके दाखवलेत म्हणे तुम्ही. त्यात ही अदलाबदल दाखवली होती का?"

"ते मी अक्काला समजावीन," कारभारी म्हणाले.

आणि एकदा कारभारीच दोन दोर चुकले म्हटल्यावर बाकीच्यांना कोण अडवणार? वैद्यबुवांनी कुंभाराशी जागा बदलली. तीन-तीन आणि चार-चार यांनीही खालच्यांशी बदलल्या. एक-एक आणि दोन-दोनवाल्यांना जोडी राखायची तर वेशीबाहेर, उतारावरच्या काटेरी झुडपांत घर बांधावं लागत होतं. ते तेही बांधायला निघाले.

उन्हाळा सरता सरता गाव माळावर पोचलं. कुडाच्या भिंती, गवताची छपरं, दाराच्या चौकटी, जाती, उखळं, सगळं गाड्यांवरून आलं. नवे दगड पुरले गेले. अक्काला तिच्या घरात, बारा-पंधरामध्ये, तिचं जुनं अंथरूण घालून दिलं. जमीन तिने हाताने चाचपली आणि म्हणाली, "उद्या सकाळी येते रे, काढा ठेव."

"मीच येईन तुला न्यायला," कारभारी घाईने म्हणाले.

"कशाला? वाट तीच आहे ना?"

कारभाऱ्यांनी मान खाली घातली. अक्काला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, हे त्या वेळी त्यांना बरं वाटलं आणि बरं वाटलं याची लगेच लाजही वाटली.

सकाळी ते लवकर उठले. अक्काला काय सांगायचं, त्याचं वाक्य जुळवत अंगणात फेऱ्या मारू लागले. 'अक्का, थोडासा बदल झालाय.' नको. 'अक्का, आता तुला वळायचा त्रास नाही, सरळ तीन दगड चाललीस की आलं.' हे बरं होतं. एवढं जुळेपर्यंत उन्हं वर आली आणि ते बारा-पंधरामध्ये पोचले तेव्हा घर रिकामं होतं.

अक्का निघाली होती. तीन दगड पूर्वेला, मग वळून दोन दगड उत्तरेला. कारभारी धावतच गेले. वाटेत त्यांचं स्वतःचं घर लागलं, ते ओलांडून पुढे गेले, आणि कोष्टिणीच्या घराच्या कोपऱ्यावर येऊन थांबले.

अक्का कोष्टिणीच्या ओट्यावर पाय सोडून बसली होती. काठी भिंतीला टेकवलेली. माग अजून मांडला नव्हता, त्यामुळे घरात आवाज नव्हता. कोष्टीण पिठाचे हात घेऊन दारात आली होती, पण तिने तोंड उघडायच्या आधीच अक्का बोलायला लागली होती.

"बाळ, आतच बस, ऊठबस करू नकोस. मी बोलते ते ऐक. मला रात्रभर झोप नव्हती. म्हटलं, सकाळी वाट सापडली नाही तर काय करायचं? मुलाला निरोप धाडायचंही मनात ठरवून ठेवलं होतं. आणि निघाले, तर पायांना सगळं ओळखीचं. एकदासुद्धा थांबले नाही बघ." ती हसली. "लहानपणी तू फार खोटं बोलायचास. कैरी खाऊन चिमणीवर ढकलायचास. म्हणून जरा शंका होती. पण शब्द पाळलास हो. सगळं गाव उचललंस आणि माझी वाट मोडू दिली नाहीस."

कोष्टिणीने वर पाहिलं. कोपऱ्यावर उभे असलेले कारभारी तिला दिसले. ती पाय न वाजवता त्यांच्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, "या, बसा ओट्यावर. रोज सकाळी येत जा. मी माग दुपारी लावीन. त्यांना कळायचं नाही, आणि गावात कुणी सांगणार नाही. मी बघते ना सगळ्यांकडे."

तिच्या मनात खोट नव्हती. कारभाऱ्यांनी क्षणभर ते चित्र डोळ्यांसमोर आणलं. जोडी राहील, अक्काही राहील. फक्त रोज सकाळी त्यांना दुसऱ्याच्या ओट्यावर येऊन बसावं लागेल. कोष्टिणीला माग थांबवावा लागेल. मुलांना हसू दाबावं लागेल. एक घर दोन दोर चुकलं होतं. आता ते लपवायला अख्ख्या गावाला रोज थोडं थोडं वाकावं लागेल. आणि अक्का तेवढी एकटी सरळ चालत येईल.

ते ओट्यापाशी गेले.

"अक्का, हे माझं घर नाही."

अक्काने मान त्यांच्याकडे वळवली. आवाज आतून नाही, बाहेरून आला होता.

"म्हणजे मी चुकले?"

"तू बरोबर आलीस. माझं घर इथेच असायला हवं होतं. मी ते खाली बांधलं. जोडी राहावी म्हणून."

अक्काने कमरेचा चिंचोका काढला, बोटांत फिरवला आणि परत खोचला.

"कितीने चुकलास?"

"दोन दोरांनी."

"दोनच ना? मग उचल घर आणि ये." तिने काठी घेतली. "काढा आज हिच्याकडे पिते. काय गं, आहे का आलं घरात?"

"आहे की," कोष्टीण म्हणाली, आणि डोळे पुसायला गेली आणि गालाला पीठ लावून बसली.

कारभाऱ्यांनी त्याच दिवशी छपराचं गवत उतरवायला घेतलं. कारभारीणबाई भांडी आपटत बांधत होत्या. शेवटी अक्काच त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"रागावलीस?"

"वन्सं, राग नाही. पण पौर्णिमेला मी ताट घेऊन कुठे जाऊ?"

"माझ्याबरोबर ये," अक्का म्हणाली. "मी जन्मभर दुसऱ्याच्या दारातून ज्योत आणतेय. काही होत नाही. येताना वारा लागू नये एवढंच बघायचं."

कोष्ट्याचं घर खाली आलं, पाच-पाचचं घर वर गेलं. काही लोक म्हणाले, म्हातारा बिथरला. वैद्यबुवा तर उघडच म्हणाले, "अंध बाईच्या पायांसाठी कुणी घराण्याचा मान सोडतं का?"

पण वैद्यबुवांचं वेगळंच चाललं होतं. वाट पाठ असलेले पाय फक्त अक्काचेच नव्हते. कुणाला रात्री कळ आली की घरातलं माणूस डोळे चोळत उठे आणि सवयीने तितकेच दगड, तितकीच वळणं घेऊन धावत सुटे, ते थेट कुंभाराच्या दारात. कुंभाराने सुरुवातीला बिचाऱ्यांना वैद्यबुवांचं घर दाखवलं. मग तो कंटाळला आणि सगळ्यांना ओव्याचं पाणी देऊ लागला. ते बऱ्याच जणांना लागूही पडलं. हे कळल्यावर मात्र वैद्यबुवांनी घर उचललं. तीन-तीन आणि चार-चारही आपापल्या जागी गेले, आणि उतारावरच्या झुडपांतून एक-एक आणि दोन-दोनवालेही परत आले. ते म्हणाले की त्यांना काटे आवडत नाहीत, आणि कुणी जास्त विचारलं नाही.

आश्विनी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी अक्का आली. तीन दगड पूर्वेला, दोन उत्तरेला. हाताने ओटा चाचपला, चौकटीवरची जुनी वेलबुट्टी चाचपली आणि बसली.

"उद्या दिवा," ती म्हणाली. "खांब आपल्या गावाच्या कोपऱ्यातच ना, पूर्वीसारखा?"

"खांब कुठला, अक्का? खांब खालीच आहे. नदीकाठी."

"खालीच ठेवलात?" तिचा काढ्याचा पेला हातातच राहिला. "मी विचारलं होतं, सगळं येणार का? तू म्हणालास, सगळं."

"खांब हलवायचा नसतो, अक्का. मूळपुरुषाने रोवलेला. सगळं त्याच्यापासूनच मोजायचं."

"मग नदीने तो नेला की काय नदीपासून मोजणार?"

कारभारी आत जाऊन चिंचोके घेऊन आले. पुन्हा चौकटी आखल्या, पुन्हा गाव मांडलं. कोपऱ्यात खांब म्हणून एक खडा ठेवला. एकेक चिंचोका दहा उजवीकडे, बारा वर नेला. मग त्यांनी तो खडा उचलला. इतकी वर्षं मोजत आलेल्या माणसाला जे दिसायला हवं होतं ते त्यांना तेव्हा दिसलं. त्यांनी खडाही दहा उजवीकडे, बारा वर नेऊन ठेवला आणि तिथून आपल्या चिंचोक्यापर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं.

"काय आलं?" अक्काने विचारलं.

"थांब, तिसऱ्यांदा मोजू दे."

दुपारी गाव नदीकाठी जमलं. वैद्यबुवा म्हणाले, "खांबच हलला तर मोजायचं कशापासून?"

"खांबापासूनच," कारभारी म्हणाले. "आपण सगळे दहा-बारा सरकलो आणि एकटा खांब मागे राहिला, म्हणून आपले आकडे बदलले. तोही दहा-बारा सरकू दे. मग त्याच्यात आणि आपल्यात आधी होतं तेवढंच अंतर."

"आणि मूळपुरुष काय म्हणेल?"

"तो म्हणेल, गाव मी पाण्यात बुडायला वसवलं नव्हतं."

खांब उखडला, ओंडक्यांवर घालून बैलांनी वर ओढला आणि नव्या गावाच्या नैऋत्य कोपऱ्यात रोवला. पौर्णिमेला संध्याकाळी त्याच्या माथ्यावर दिवा लागला. कारभाऱ्यांनी दोर घेतला आणि सगळ्यांसमोर खांबापासून मोजायला सुरुवात केली. पूर्वेला पाच. तिथून उत्तरेला पाच. दोर त्यांच्या स्वतःच्या दारात येऊन संपला.

कारभारीणबाई ताट घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुन्हा मोजा."

त्या दिवशी पहिल्यांदाच कारभाऱ्यांना पुन्हा मोजावंसं वाटलं नाही.

चार-दोनची सून पुन्हा चार-दोनची झाली. वैद्यबुवा पुन्हा सहा-सहा झाले आणि ताठ चालू लागले. ते काही सुधारले नाहीत. कोष्टिणीला कुणीतरी चिडवलं, "काय गं, जोडी गेली की तुमची."

"गेली तर गेली," कोष्टीण म्हणाली. "चार दिवस सरळ बसून पाठ दुखायला लागली होती."

पण कारभारीणबाईंनी एक केलं. ज्योत घेऊन त्या आधी स्वतःच्या घरात गेल्या नाहीत. आधी कोष्टिणीच्या दारात गेल्या, तिची पणती लावली आणि मगच घरी परतल्या. ती प्रथा त्या गावात पुढेही टिकली.

पौर्णिमेनंतर, परतीच्या पावसात, जुना काठ ढासळला. जिथे खांब होता तिथे पाणी आलं. बातमी घेऊन माणूस धावत आला, तेव्हा अक्का वाटेवर होती. तिने ऐकलं, मान हलवली, काठीने पुढचा दगड चाचपला आणि वळून दोन दगड उत्तरेला गेली.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: जागा बदलली म्हणून गाव मोडत नाही. गाव मोडतं ते कुणी एकाने स्वतःसाठी दोन दोर कमी मोजले म्हणजे. म्हणून सगळ्यांना हलायला सांगणाऱ्याने आधी सगळ्यांइतकंच हलावं. आणि ज्या खांबापासून सगळे मोजतात, त्यानेही.